घरच्या टाकीत प्रवाळ जगवता येतात का? पेण-रोह्याच्या हवेत काय जमतं, काय नाही आणि कायदा काय सांगतो

निळ्या उजेडात डोलणारे रंगीत प्रवाळ, त्यांच्यातून फिरणारा नारिंगी मासा आणि मागे मंद संगीत. असे रील्स सध्या प्रत्येकाच्या फीडमध्ये येतात. खाली कमेंट्सही ठरलेल्या असतात: "कितीला पडलं?", "मुंबईतून कुठून आणलं?", "आमच्याकडे जगेल का?"

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पेण किंवा रोह्यासारख्या गावात समुद्र हाकेच्या अंतरावर वाटतो. खाडीचं पाणी घराजवळून वाहतं, मिठागरं दिसतात, हवेतही खारटपणा असतो. त्यामुळे समुद्री टाकी इथे सोपी असेल असा समज होतो. प्रत्यक्षात उलट आहे. इथलं खाडीचं पाणी, दमट हवा आणि पावसाळ्यात जाणारी वीज या तिन्ही गोष्टी प्रवाळांच्या विरोधात जातात. शिवाय रील्समध्ये दिसणारे अनेक प्रवाळ भारतात घरी ठेवणं हा गुन्हा आहे.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

प्रवाळ ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्याच कुळातला. एका प्रवाळात शेकडो, हजारो छोटे जीव एकमेकांना चिकटून राहतात. त्यातल्या एकेका जीवाला पॉलिप म्हणतात. टणक प्रवाळांचे पॉलिप समुद्रातलं कॅल्शियम घेऊन चुनखडीचा सांगाडा बांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या बांधकामातून प्रवाळभित्ती तयार होते.

उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळ त्याला आसरा देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेतला मोठा वाटा, काही प्रजातींत ९० टक्क्यांपर्यंत, या भाडेकरूकडूनच येतो.

ही भागीदारी फार नाजूक असते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. रंग जातो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे भोगलं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगातलं चौथं व्यापक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं.

अथांग समुद्रात जे घडायला आठवडे लागतात, ते १०० लिटरच्या टाकीत एका दुपारी घडू शकतं. पाणी जितकं कमी, तितके बदल झपाट्याने होतात.

खरेदीच्या आधी कायदा

भारतात २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. यात पुढील गट येतात:

• भित्ती बांधणारे सर्व टणक प्रवाळ
• काळे प्रवाळ
• ऑर्गन पाइप प्रवाळ
• फायर कोरल
• समुद्रपंखा, म्हणजे सी फॅन

रील्समध्ये सगळ्यात भाव खाणारे, फांद्यांसारखे वाढणारे अ‍ॅक्रोपोरा किंवा हातोडीच्या तोंडाचे, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ हे टणक प्रवाळच आहेत. यादीत एकेका प्रजातीचं नाव नसून संपूर्ण गट आहे. म्हणून "हे इंडोनेशियाचं आहे" किंवा "हे टाकीतच वाढवलेलं आहे" या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून चालत नाही.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, तसंच किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. हे मेलेल्या प्रवाळालाही लागू होतं. शोभेसाठी विकला जाणारा पांढरा प्रवाळ आणि वास्तुदोष घालवण्यासाठी फ्रेममध्ये विकलं जाणारं 'इंद्रजाल' याच यादीतले आहेत. इंद्रजाल ही मुळी नसून समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळ असतो.

मग उरतं काय? मशरूम प्रवाळ, झोएन्थिड, लेदर प्रवाळ, झेनिया हे नरम प्रकार चुनखडीची भित्ती बांधत नाहीत आणि वरच्या यादीत त्यांची नावं नाहीत. तरीही ते कुठून आले हे महत्त्वाचं आहे. आयातीची कागदपत्रं आणि पक्कं बिल नसेल, तर घेऊ नये. शंका असेल तर वन विभागाकडे लेखी विचारणा करता येते. रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि रोहा असे वन विभाग आहेत.

थोडक्यात, ज्यांना छंदाच्या भाषेत 'नाजूक' म्हणतात ते टणक प्रवाळ घरी ठेवण्याचा विचार इथेच थांबतो. पुढची माहिती नरम प्रवाळांसाठी आहे. त्यांना सोपं म्हटलं जातं, पण ते सोपेपण फक्त तुलनेत आहे.

खाडीचं पाणी टाकीत का चालत नाही?

पेणजवळ धरमतरची खाडी आहे, रोह्याजवळून कुंडलिका वाहते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. दोन्हीकडे भरती-ओहोटीचं पाणी आत येतं. पण खाडी म्हणजे समुद्र नव्हे.

खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि वर्षभर त्यात फारसा फरक पडत नाही. खाडीत मात्र उन्हाळ्यात खारटपणा चढतो आणि पावसाळ्यात नदीच्या पुराने तो एकदम खाली येतो. त्यात गाळ इतका की उजेड काही फुटांपलीकडे जात नाही. प्रवाळाला स्थिर खारटपणा आणि स्वच्छ उजेड लागतो. अशा गढूळ खाड्यांमध्ये प्रवाळभित्ती न बनण्याचं कारण तेच आहे.

कुंडलिकेच्या काठावर धाटावची औद्योगिक वसाहत आहे. या नदीचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेला आहे. अशा पाण्यातले धातू माशाला कदाचित सोसतील, पण प्रवाळ, कोळंबी आणि शंख-शिंपल्यांसाठी तांब्याचा अंशही घातक ठरतो.

मिठागराचं मीठ का नाही?

पेण तालुक्यात मिठागरं आहेत, मग तेच मीठ पाण्यात विरघळवलं तर? हा प्रश्न तर्काला धरून आहे, पण उत्तर नाही असंच आहे.

मिठागरात समुद्राचं पाणी उन्हाने आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात, म्हणजे कॅल्शियमचा मोठा भाग तिथेच जातो. नंतर आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, स्फटिकरूपात जमतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बराच भाग शेवटच्या कडवट पाण्यात राहतो आणि ते पाणी काढून टाकलं जातं. थोडक्यात, मिठागरातून हाती येतं ते समुद्रातलं एक क्षार, सगळा समुद्र नाही. त्या मिठाचं पाणी खारट लागेल, पण प्रवाळाला हवं असलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट त्यात नसेल.

म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठी बनवलेलं समुद्री मीठ वापरावं लागतं. १०० लिटर पाण्याला साधारण साडेतीन किलो ते चार किलो मीठ लागतं. अचूक प्रमाण पिशवीवर असतं आणि खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजून खात्री करायची असते.

आणि गोडं पाणी कुठलं?

नळाच्या पाण्यात क्लोरिन, नायट्रेट, फॉस्फेट आणि धातू असू शकतात. बोअरवेलचं पाणी तर गावागणिक बदलतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय फिल्टरमधून काढलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी लागतं. घरातला पिण्याचा आरओ पुरत नाही, कारण त्यात अनेकदा क्षार परत मिसळले जातात. एसीचं टपकणारं पाणीही वापरू नये, कारण ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं.

इथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन ते चार लिटर पाणी बाहेर टाकतं. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण नवीन नाही. टाकीसाठी पाणी गाळायचं असेल तर वाया जाणारं पाणी लादी पुसायला, भांड्यांना किंवा संडासाला वापरण्याची सोय आधी करावी. ती करता येत नसेल आणि घरात टँकरचं पाणी येत असेल, तर हा छंद लांबवलेलाच बरा.

टाकी घेतली की लगेच प्रवाळ का टाकू नये?

मासे आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याला टाकी 'सायकल' होणं म्हणतात.

यासाठी तयार मिळणारा कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड वापरावा. समुद्रातून उचलून आणलेला दगड नको. त्यावर संरक्षित प्रवाळ असू शकतात आणि अनोळखी जीवही सोबत येतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी एक-दोन चिवट जीव, मग काही आठवड्यांनी प्रवाळ. घाई केली तर पहिला प्रवाळ हमखास जातो.

कोणते आकडे सांभाळायचे?

• तापमान: २४ ते २७ अंश सेल्सिअस
• खारटपणा: लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६
• पीएच: ८.१ ते ८.४
• अल्कलिनिटी: ८ ते ९ डीकेएच
• कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम
• मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम
• नायट्रेट: साधारण २ ते १० पीपीएम
• फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ पीपीएम
• अमोनिया आणि नायट्राइट: शून्य

या यादीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अल्कलिनिटी ८ आहे की ९ यापेक्षा ती रोज तेवढीच राहते का, हे जास्त महत्त्वाचं आहे. आकडा चुकला म्हणून एकदम औषध ओतणं हे नवख्यांच्या टाकीत प्रवाळ मरण्याचं मोठं कारण असतं. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर नेणंही चुकीचं, कारण प्रवाळातल्या शैवालाला तेही थोडं लागतं.

नरम प्रवाळ सांगाडा बांधत नसल्याने कॅल्शियम फार वापरत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं बहुधा पुरतं.

पाणी आटलं तर काय भरायचं? गोडं शुद्ध पाणी. इथे बरेच जण चुकतात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. १०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाणी उडालं, तर तेवढंच मीठ ९० लिटरमध्ये राहतं आणि खारटपणा ३५ वरून जवळपास ३९ वर जातो. त्यात परत खारं पाणी भरलं तर मीठ आणखी वाढतं.

कोकणातल्या उकाड्याचं काय करायचं?

रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. रोज असं नसतं, पण मे महिन्यात बंद खोलीतली टाकी ३० अंशांवर जायला वेळ लागत नाही. त्यात दिवे आणि पंप यांची उष्णता वेगळी.

इंटरनेटवर सोपा उपाय सांगितला जातो: टाकीवर छोटा पंखा लावा. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता जाते. तत्त्व माठाचंच आहे. पण कोकणातल्या माठाचं पाणी विदर्भातल्या माठाइतकं गार होत नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. हवा आधीच दमट असली की वाफ कमी होते. टाकीचंही तसंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पंखा छान काम करतो, मे आणि जूनमध्ये, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा तो कमी पडतो.

म्हणून इथे चिलर किंवा दिवसभर एसी चालणारी खोली हेच भरवशाचे पर्याय आहेत. दोन्हींचा वीजबिलावर परिणाम होतो. टाकीचा खर्च मोजताना लोक काच, दिवे आणि प्रवाळ धरतात आणि चिलर विसरतात. पेण-रोह्यात चिलरचा हिशेब पहिला करावा.

बर्फाचे तुकडे थेट पाण्यात टाकू नयेत. खारटपणा आणि तापमान दोन्ही झटक्यात बदलतात. तातडीच्या वेळी बर्फाची बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवता येते.

उजेड आणि पाण्याचा प्रवाह

प्रवाळातल्या शैवालाला निळ्या छटेचा प्रकाश जास्त उपयोगी पडतो, म्हणून या टाक्या निळ्या दिसतात. रोज आठ ते दहा तास दिवे पुरतात. नवीन प्रवाळ आधी खाली, कमी उजेडात ठेवून हळूहळू वर आणावा. खिडकीतून येणारं थेट ऊन टाळावं. त्याने पाणी तापतं आणि काचेवर शेवाळ माजतं.

पाणी स्थिर असेल तर प्रवाळावर घाण बसते आणि तो गुदमरतो. नरम प्रवाळांना मध्यम, दिशा बदलत राहणारा प्रवाह लागतो. पॉलिप हलके डोलत असतील तर ठीक. एका बाजूला वाकून दबलेले असतील तर प्रवाह जास्त आहे.

वीज गेली तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एवढं मोठं वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात फांदी तारेवर पडून रात्रभर अंधार होणं इथे नेहमीचं आहे.

वीज गेल्यावर टाकीत सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. प्रवाळ अंधारात एक-दोन दिवस काढू शकतो, पण ढवळल्याशिवाय पाण्यात मासे, प्रवाळ आणि जिवाणू सगळेच काही तासांत श्वासाला महाग होतात. म्हणून उपायांचा क्रम असा:

१. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. हा नसेल तर टाकी सुरूच करू नये.
२. प्रवाहाचा एक पंप इन्व्हर्टरवर. दिवे आणि चिलर इन्व्हर्टरवर नको.
३. खाद्य बंद. खाद्य सडलं की ऑक्सिजन आणखी घटतो.
४. पंप बंद असतील तर दर तासाला भांड्याने पाणी उचलून वरून ओतणं.
५. बंद पडलेला डबा-फिल्टर बऱ्याच तासांनी थेट सुरू न करणं. आत मेलेल्या जिवाणूंचं घाण पाणी टाकीत येतं. आधी तो धुवावा.

एक धोका, जो रील्समध्ये दिसत नाही

सोपे म्हणून विकले जाणारे झोएन्थिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या स्टीव्हेंटन गावात घरातली टाकी साफ करताना हे विष हवेत पसरलं आणि अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात न्यावं लागलं.

त्यामुळे काही नियम पाळायलाच हवेत. असा दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासू नये. हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. लहान मुलांना दूर ठेवावं. टाकी साफ केल्यावर ताप, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालयात जावं आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिनचं नाव सांगावं. नाव सांगितलं नाही, तर हा त्रास साध्या तापासारखा वाटू शकतो.

मग प्रवाळ पाहायचेच असतील तर?

त्यासाठी टाकी लागत नाही. महाराष्ट्राला स्वतःचे प्रवाळ आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या पाण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटर खोल समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळपठाराचा भाग आहे. त्याला मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचं नाव आहे.

मुंबईतही प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीला सापडलेल्या १८ वसाहती २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दुसरीकडे हलवण्यात आल्या. एका महानगराला काही छोट्या वसाहतींसाठी परवानगी, शास्त्रज्ञ आणि देखरेख लागली, यावरून कायदा प्रवाळांकडे किती गांभीर्याने पाहतो ते कळतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सफरी काढतो. तिथे पाहायचं असतं, उचलायचं काही नसतं.

घरी समुद्राचा देखावा हवाच असेल तर खाऱ्या पाण्यातले टाकीत पैदास केलेले क्लाउनफिश आणि सिलिकॉनचे कृत्रिम प्रवाळ हा मधला मार्ग आहे. उजेडाची काटेकोर गरज उरत नाही, तापमानातही थोडी सवलत मिळते आणि कायद्याचा धोका राहत नाही.

निर्णयाआधी पाच प्रश्न

• घरात टीडीएस शून्य असलेलं पाणी दर आठवड्याला मिळेल का आणि वाया जाणाऱ्या पाण्याचं काय होईल?
• मे महिन्यात पाणी २७ अंशांच्या आत ठेवण्याची सोय आहे का?
• रात्रभर वीज नसेल तर हवेचा पंप चालेल का?
• विक्रेता पक्कं बिल आणि आयातीचे कागद देतो का?
• गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घर बंद असेल तेव्हा टाकी कोण बघेल?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर नरम प्रवाळांची छोटी टाकी पेण-रोह्यातही जगू शकते. एखादं 'नाही' असेल, तर ती अडचण आधी सोडवावी. दुकानातला प्रवाळ तोवर थांबू शकतो. टाकीत आणल्यावर मात्र त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो.